आधी पाठ दाखव

रेडियमचाचा माणसाचं तोंड बघत नसत, पाठ बघत. तुम्ही त्यांच्या टपरीसमोर उभे राहून घटकाभर गप्पा मारल्यात आणि दुसऱ्या दिवशी बाजारात समोरून आलात, तर ते ओळख दाखवायचे नाहीत. तुम्ही पुढे निघून गेलात की मागून हाक यायची, "अरे थांब की! कालचा तूच न्हवं?" लोकांना वाटे, म्हातारा आखडू आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पुढे शेजार वाढला तेव्हा लक्षात आलं, की ह्या गृहस्थांचा सगळा जीव जगाच्या पाठीमागच्या बाजूला अडकलेला आहे.

दौंडहून कुरकुंभकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची पत्र्याची टपरी होती आणि तिला खेटून माझा एसटीडी बूथ. रेडियम म्हणजे उजेड पडला की चमकणारा तो चिकट कागद. शाळेत शिकवतात त्या रेडियमशी त्याचा काही संबंध नाही, पण आमच्याकडे सगळे त्याला रेडियमच म्हणतात. चाचा तो ब्लेडनं कापून गाड्यांवर नंबर, नावं, वाघ, गरुड, 'आई भवानी प्रसन्न', काय म्हणाल ते चिकटवून देत. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी टपरी बंद. बाकी वेळ ते तिथंच, मांडीवर काचेचा तुकडा आणि तोंडात ब्लेड. तोंडात ब्लेड धरून भांडणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

भांडण ठरलेलं असे. गिऱ्हाईक यायचं, "चाचा, हेडलाइटच्या वर पोराचं नाव टाकायचंय." चाचा म्हणायचे, "टाकू की. आधी पाठ दाखव." पाठ म्हणजे गाडीची मागची बाजू. तिथं लाल पट्टी लावून घेतल्याशिवाय पुढचं नाव मिळत नसे. "चाचा, म्हागं कशाला नटवायचं? मला म्हागचं दिसतं व्हय?" असं कुणी म्हटलं की चाचा ब्लेड तोंडातून काढत. "तुला न्हाई दिसत, म्हणूनच लावायची. तोंड तुझं हाय, बाबा. पाठ म्हागनं येणाऱ्याची हाय." गिऱ्हाईक चरफडत पट्टी लावून घ्यायचं, नाहीतर चालतं व्हायचं. चालत्या झालेल्याची पाठ चाचा बराच वेळ बघत बसायचे.

हे वेड गाड्यांपुरतं राहिलं असतं तर बरं होतं. टपरीसमोर जे थांबेल त्याला पट्टी लागायची. गवळ्याच्या किटल्यांना लागली. माझ्या चपलांच्या टाचांना लागली. आमच्या हिच्या पर्सला लागली, त्यावरून तिनं माझ्याशी अबोला धरला, चाचांशी नाही. एकदा वरात थांबली होती, तर ढोल वाजवणाऱ्याच्या पाठीवर ह्यांनी पट्टी ठोकून दिली आणि तो बिचारा लग्नभर तशीच मिरवत राहिला. मेंढरांवरही प्रयोग झाले, पण लोकर हातात यायची आणि रेडियम खाली पडायचं. म्हणून कळपातल्या शेवटच्या मेंढ्याच्या गळ्यात लाल पट्टा बांधण्यावर त्यांनी समाधान मानलं.

तो कळप सोपानआबांच्या भावकीतला होता. सोपानआबा खुटबावचे. वडिलांच्या हयातीत मेंढरं राखलेले, नंतर पाणी आलं तशी जमीन धरून बसलेले धनगर. खांद्यावरची घोंगडी मात्र त्यांनी ट्रॅक्टर घेतल्यावरही सोडली नाही. चाचांचं त्यांच्याशी खास जमायचं, कारण आबा न भांडता पट्टी लावून घेत. दसऱ्याला ट्रॉल्या रंगवून झाल्या की आबा त्या थेट टपरीवर आणायचे. "लावा चाचा, कुठं लावायचं तिथं लावा. आन् खाली आमच्या नातवंडांची नावं टाका." मग दोघं चहा पीत ट्रॉलीच्या मागच्या चमचमणाऱ्या फळक्याकडे कौतुकानं बघत बसत.

चाचांची खरी घालमेल सुरू व्हायची ती उसाला कोयता लागला की. थंडीत आमच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांचं राज्य असतं. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर गंजीसारखा रचलेला ऊस, आणि मागे दिव्याचं नाव नाही. दिवस लवकर बुडतो. पेटवलेल्या पाचटाचा धूर आणि धुकं रस्त्यावर बसून राहतं. पुण्याकडून भरधाव आलेल्या माणसाला पुढे रस्ता मोकळाच दिसतो आणि त्या मोकळ्या रस्त्यात ती ट्रॉली माणूस चालावा तशी चाललेली असते. पुढे ट्रॅक्टरचे दोन दिवे असले की चालवणाऱ्याला वाटतं, झाला की उजेड.

आणि ह्या रस्त्यानं रोज संध्याकाळी सलीम यायचा. सलीम हा चाचांचा एकुलता एक मुलगा. कुरकुंभच्या एमआयडीसीत औषधाच्या कारखान्यात होता. ड्यूटी सुटली की मोटारसायकलवरून ट्रॉल्यांच्या मागून वाट काढत दौंडला घरी. चाचा कधी म्हणाले नाहीत की मला काळजी वाटते. पण पाच वाजून गेले की त्यांची खुर्ची आपोआप कुरकुंभच्या बाजूला वळायची आणि मी काही बोललो तर "हं, हं" एवढंच यायचं. सलीम आधी टपरीवर थांबायचा आणि मग घरी जायचा. पोरगा हसतमुख, बापाची थट्टा करणारा. "अब्बा, तुमच्या पट्ट्या बघत बघत आलो."

"बिगरपट्टीच्या किती हुत्या?" चाचा विचारायचे.

"त्या कशा सांगू? त्या दिसतात व्हय?"

बापलेक हसायचे, मीही हसायचो. रोजचाच विनोद होता तो.

त्या वर्षी संक्रांत जवळ आली होती. दिवेलागणीला बूथवर फोन आला. कुरकुंभच्या अलीकडच्या एका ढाबेवाल्याचा होता. "तुमच्या शेजारी रेडियमवाले हायेत ना? त्यांना लगीच पाठवा. पोरगं ट्रॉलीवर आदळलंय." मी बाहेर आलो. चाचा खुर्ची वळवून बसले होते. माझी हाक ऐकूनही त्यांनी मान फिरवली नाही, रस्त्याकडेच बघत म्हणाले, "सलीम?" मी हो म्हणालो. आम्ही पोचेपर्यंत सलीम गेलेला होता. समोरून आलेल्या ट्रकच्या उजेडानं त्याचे डोळे दिपले आणि पुढची ट्रॉली त्याला दिसलीच नाही, असं ढाबेवाला सांगत होता.

ट्रॉली सोपानआबांची होती. पुतण्या चालवत होता.

दफन झाल्यावर दोन दिवसांनी चाचा मला म्हणाले, "बूथवाले, चल जरा." ट्रॉली पोलिस चौकीच्या आवारात उभी होती. ऊस तसाच भरलेला. चाचा सरळ तिच्या मागे गेले. उसाचे शेंडे फळक्यावर खाली लोंबत होते आणि त्यांच्यावर, अगदी मधोमध, वाढ्याचे दोन भारे दोरीनं आवळलेले होते. वाढे म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, जनावरांना चारा. पुतण्यानं घरच्या म्हशीसाठी तोडणीवाल्यांकडून घेऊन मागे बांधले होते. सगळेच बांधतात. वाटेत घर लागलं की टाकायचे आणि पुढे कारखान्यावर जायचं. ट्रॉली रिकामी असताना चाचांनी पट्टी लावली, ट्रॉली रिकामी असताना आबांनी ती पाहिली, दोघांनी चहा घेतला. भरलेल्या ट्रॉलीची पाठ दोघांपैकी कुणीच पाहिली नव्हती. आम्ही सगळे रोज बघत होतो, पण आमच्याही डोक्यात ते आलं नाही.

चाचांनी हातानं त्यांतला एक भारा वर उचलला. मी बॅटरीचा उजेड टाकला. आतली लाल पट्टी लखकन चमकली, काल लावल्यासारखी. तिच्याखाली आबांच्या नातवंडांची नावं.

"लावलंय की रं मी," चाचा म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "लावलंय की." मग त्यांनी भारा सोडून दिला. मला त्या वेळी त्यांच्याकडे बघवलं नाही.

सोपानआबा टपरीवर आले ते घोंगडी हातात घेऊन. म्हणाले, "चाचा, मला काय बी करा." चाचांनी विचारलं, "आबा, तुम्ही मेंढरं राखली. रस्त्यानं कळप न्यायचा तवा म्हागं कोण ऱ्हायाचं?"

"एक माणूस ऱ्हायाचाच. त्येच्याबिगर कळप हालायचा न्हाई."

"मग ट्रॉलीच्या म्हागं कोण हुतं?"

आबांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता ह्या दोघांचं बोलणं जन्माचं संपलं. टपरीही तो हंगामभर बंद राहिली. चाची घराबाहेर पडेनाशा झाल्या. चाचा येऊन बंद टपरीसमोर खुर्ची टाकून बसायचे, कुरकुंभकडे पाठ करून.

पण पुढच्या दसऱ्याला आबा पुन्हा आले. ट्रॉली नव्हती, रिकामे हात होते. म्हणाले, "चाचा, म्हागं माणूस ठिवता येत न्हाई. पर माणसाजागी कायतरी ठिवता यील. ऊस भरून झाल्यावर, सगळ्यात शेवटी लावायचं." चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं. ह्या खेपेला तोंडाकडे. मग उठून टपरीचं कुलूप काढलं.

दोघांनी मिळून एक फळी बनवली, ती अशी: कारखान्यातल्या भंगारातलं लाकूड, हातभर रुंद, त्यावर आडव्या लाल-पांढऱ्या पट्ट्या आणि वर तारेचे दोन आकडे. ट्रॉली भरली, वाढे बांधले, दोर आवळला, की सर्वांत शेवटी ती उसाच्या बाहेर अडकवायची. चाचा आणि आबा ट्रॉल्यांचे तळ आणि उसाचे फड हिंडून फळ्या वाटू लागले. आबा समजावायचे, चाचा भांडायचे. लोक घेत होते. चाचांच्या दुःखाकडे बघून नाही म्हणवत नव्हतं, एवढंच. चाचांना ते कळत होतं आणि त्याची त्यांना फिकीर नव्हती.

महिनाभरात फळ्या गायब झाल्या. मुद्दाम कुणी टाकल्या नव्हत्या. ट्रॉली खाली करताना फळी खाली पडायची, तोडणीवाले ती उचलून आपल्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर न्यायचे आणि थंडीच्या दिवसांत कोरडं लाकूड हाताशी आल्यावर जे होतं ते व्हायचं. सगळ्या फळ्या चुलीत गेल्या. चाचा तणतणत कोप्यांवर गेले, मी सोबत होतो. तिथं बीडकडची गोदा म्हणून एक तोडणीवाली भाकरी थापत होती. चाचांनी आरडाओरडा केला तो तिनं शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "चाचा, तुमी रागावू नका, पर तुमची फळी जळताना लई वास मारती बगा. भाकर खाववंना."

चाचांचं तोंड उघडंच राहिलं. मला हसू आवरेना. हसण्यासारखं काही नव्हतं, तरी.

गोदानं तव्यावरची भाकरी उलटली. "अवो, लाकूड दिसलं की बाईमाणूस चुलीत घालणारच. त्येच्यावर नाव घाला कुणाचं तरी. नाव असल्याली फळी कोन जाळंल? जिवावर यील की."

"कुणाचं घालू?"

"तुमच्या पोराचं घाला की," ती सहज म्हणाली. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

मी चाचांचा दंड धरला. त्यांनी माझा हात हळूच काढला आणि गोदाला म्हणाले, "बरं सांगितलंस, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी बूथ उघडला तेव्हा चाचा काचेवर लाल रेडियम पसरून अक्षरं कापत होते. सलीम. एक कापलं, बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं. दिवसभर तेच. संध्याकाळी सगळ्या नव्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या केल्या आणि एक ट्रक वळताना त्याचा उजेड त्यांच्यावर पडला. सलीम, सलीम, सलीम, सलीम. मी बूथमध्ये जाऊन रिकाम्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून बसलो. कुणी रडताना बघू नये म्हणून माणूस काहीही करतो.

गोदाचं खरं ठरलं. फळ्या चुलीत जाईनात. ट्रॉली खाली झाली की बायका त्या उचलून बाजूला उभ्या करायच्या, भरली की परत अडकवायच्या. एक ठेकेदार मात्र अडून बसला, "मुसलमानाचं नाव माझ्या ट्रॉलीला कशापायी?" सोपानआबा त्याला म्हणाले, "मग तुझ्या पोराचं टाक. पर टाक." त्यानं आपल्या ओंकारचं नाव टाकून घेतलं. ते बघून इतरांनाही हौस आली आणि हळूहळू ओंकार, पूजा, आकाश अशी सगळी पोरं रस्त्यावर चमकायला लागली. चाचांनी सर्वांची नावं तितक्याच मन लावून कापली. ज्याला पोर नाही किंवा ज्यानं नाव सांगितलं नाही, त्याला सलीम. अपघात थांबले असं मी म्हणणार नाही. ते अजूनही होतात. पण पुढे ट्रॉली आहे की नाही हे मागून येणाऱ्याला निदान कळू लागलं.

पुढे मोबाइल आले आणि माझ्या बूथकडे कुणी फिरकेना. मुलगा रांजणगावच्या कंपनीत लागला होता, कारेगावला राहत होता. त्यानं आम्हा दोघांना तिकडे नेलं. चाचांच्याही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. बार्शीला दिलेली त्यांची मुलगी त्यांना आणि चाचींना तिकडे घेऊन गेली. निरोपाला मी टपरीवर गेलो, तर म्हणाले, "बूथवाले, चाल पुढं, मला बघू दे." मी चाललो. कोपऱ्यावरून वळून पाहिलं तर ते अजून बघत होते. त्यांना दिसत किती होतं, अल्ला जाणे. वर्षा-दीड वर्षानं बार्शीहून त्यांच्या मुलीचा फोन आला, चाचा गेले म्हणून.

त्यानंतर एका हिवाळ्यात दौंडला लग्नाला जायचं होतं. मुलगा गाडी चालवत होता. शिरूर सोडून न्हावऱ्याच्या पुढे आलो तेव्हा दिवस मावळला होता. फडातून निघालेली एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती, तिच्यामुळे आम्ही थांबलो. ट्रॅक्टरवर बसलेला तरणा गडी मागे वळून ओरडला, "अगं ए, सलीम लावला का?"

उसामागून बाईचा आवाज आला, "लावला, लावला! चला आता!"

मी गाडीतून उतरलो. ट्रॉलीच्या मागे दोन भाऱ्यांवर फळी अडकवलेली होती. तिच्यावर नाव होतं 'वैष्णवी'. मी पुढे जाऊन त्या गड्याला विचारलं, "सलीम म्हणजे कोण रे?"

"कोण म्हंजी?" त्याला माझा प्रश्नच कळेना. "फळी हाय ती, काका. म्हागं लावायची. तिला सलीमच म्हंत्यात. त्येच्याबिगर ट्रॉली हलवायची न्हाई आमच्यात." आणि त्यानं गिअर टाकला.

मी परत येऊन बसलो. मुलानं विचारलं, "काय झालं, बाबा?" रस्ता अरुंद होता, समोरून गाड्या येत होत्या. मी त्याला एवढंच म्हटलं, की घाई करू नकोस, मागेच राहा. आमच्या दिव्यांच्या उजेडात ती फळी हलत होती, आणि आम्ही चौफुल्यापर्यंत तिच्या मागून हळूहळू गेलो.